मधल्या फळीतील खेळाडू कसा घडवावा: अँद्रेस ग्वार्दादोच्या कारकिर्दीच्या आधारे खानदेशातील क्रीडाशिक्षकांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शाळेचा फुटबॉल संघ बांधताना खरी अडचण गोलरक्षकाची किंवा गोल करणाऱ्याची नसते, ती मधल्या फळीची असते. उंच मुलगा गोलमध्ये उभा राहतो, पळणारा मुलगा पुढे जातो, दणकट मुलगा बचावाला राहतो आणि जे उरतात त्यांना आपण मध्ये उभे करतो. सामना सुरू झाला की मागचा मुलगा जोरात फटका मारून चेंडू थेट पुढे पाठवतो, मधले दोघे डोक्यावरून जाणारा चेंडू पाहत राहतात आणि हाफ टाइमला बोलणी मात्र त्यांनाच बसतात. ही रीत मोडायची असेल, तर मधल्या फळीतील खेळाडू कशाच्या बळावर टिकतो हे आधी शिक्षकाला कळले पाहिजे. त्यासाठी मेक्सिकोच्या अँद्रेस ग्वार्दादोची कारकीर्द ओळीने वाचावी आणि तिचा सरावात उपयोग करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. तो कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

ग्वार्दादोच का, असा प्रश्न साहजिक आहे. मेस्सी आणि रोनाल्डो मुलांना तोंडपाठ असतात, परंतु त्यांच्याकडे पाहून मूल बहुधा शेवटचा फटकाच शिकते. ग्वार्दादोची उंची साडेपाच फुटांच्या जरा वर, अंगकाठी बारीक, पाय डावा. रिआल माद्रिद, बार्सिलोना किंवा मँचेस्टर युनायटेड यांसारख्या बलाढ्य संघांचा गणवेश त्याने कधी घातला नाही. तरीही 2006, 2010, 2014, 2018 आणि 2022 अशा सलग पाच विश्वचषकांत तो मेक्सिकोकडून मैदानात उतरला. त्याच्याआधी मेक्सिकोचे दोघेच पाच विश्वचषक खेळले होते: गोलरक्षक आंतोनियो कार्बाहाल आणि बचावपटू राफाएल मार्केस. राष्ट्रीय संघाकडून त्याने सुमारे 180 सामने खेळले आणि तो मेक्सिकोचा विक्रम ठरला. एवढा काळ तो टिकला, याचे मुख्य कारण माझ्या मते एकच आहे. त्याने आपली जागा वेळोवेळी बदलू दिली आणि प्रत्येक नव्या जागेवर जुन्या जागेचे ज्ञान वापरले. आपल्या मुलांना शिकवण्यासारखे जे काही त्याच्या कारकिर्दीत आहे, ते या एका गोष्टीभोवती आहे.

कारकिर्दीचा तक्ता करणे

पहिले काम वर्गातले आहे. एका मोठ्या कार्डशीटवर चार रकाने आखावेत: संघ, मैदानावरची जागा, अडचण आणि त्या अडचणीतून आलेला बदल. गोलांचा रकाना मुद्दाम ठेवू नये. तो ठेवला की मुले बाकीचे काही वाचत नाहीत आणि मधल्या फळीतील खेळाडूची किंमतही गोलांवरून ठरवू लागतात.

तक्ता ग्वादालाहारा शहरापासून सुरू होतो. 28 सप्टेंबर 1986 रोजी तेथे जन्मलेला ग्वार्दादो लहानपणीच अ‍ॅटलस या स्थानिक क्लबच्या बालसंघात दाखल झाला. मार्केससुद्धा याच क्लबमध्ये घडला. ऑगस्ट 2005 मध्ये ग्वार्दादो अ‍ॅटलसच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला, त्याच डिसेंबरात राष्ट्रीय संघात आला आणि जून 2006 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लाइपझिग येथे अर्जेंटिनाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात प्रशिक्षक रिकार्दो ला व्होल्पे यांनी त्याला सुरुवातीपासून खेळवले. तो सामना मेक्सिकोने जादा वेळेत 1-2 असा गमावला. या काळात त्याची जागा डावीकडची, रेषेलगतची होती: चेंडू घ्यायचा, धावायचे, आत क्रॉस (बाजूने गोलसमोर दिलेला पास) टाकायचा. जागेच्या रकान्यात ‘डावी बाजू, पुढे’ एवढे लिहावे.

2007 मध्ये तो स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्या संघात गेला आणि तेथे पाच हंगाम राहिला. मुलांना हा टप्पा सांगताना घाई करू नये. त्या वर्षांत स्नायूंच्या दुखापतींनी त्याला अनेकदा बाहेर बसवले आणि मे 2011 मध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी व्हॅलेन्सियाकडून घरच्या मैदानावर हरून देपोर्तिव्हो पहिल्या श्रेणीतून खाली गेला. विश्वचषक खेळलेला खेळाडू अशा वेळी सहसा दुसरा संघ शोधतो. ग्वार्दादो मात्र दुसऱ्या श्रेणीत थांबला, 2011-12 च्या हंगामात संघाने ती श्रेणी जिंकली आणि संघ पुन्हा वर आल्यावरच त्याने निरोप घेतला. आपल्याकडे तालुक्यात हरल्यावर पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत नाव घालायला निघालेल्या मुलाला हा रकाना जरूर वाचायला लावावा.

यानंतरचा टप्पा तक्त्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. 2012 मध्ये तो व्हॅलेन्सियात आला, तेव्हा त्या संघाचा डावा बचावपटू जोर्डी आल्बा नुकताच बार्सिलोनाला गेला होता. ती जागा भरण्यासाठी ग्वार्दादोला अनेकदा मागे खेळावे लागले. पुढे धावण्याची सवय असलेल्या खेळाडूला हे बंधन वाटते, आणि त्याची तेथील वर्षे फारशी सुखाची गेली नाहीत हेही खरे. जानेवारी 2014 मध्ये त्याला उसनवारीवर जर्मनीच्या बायर लेव्हरकूसनकडे पाठवण्यात आले, जेथे त्याच्या वाट्याला फार थोडे सामने आले. कागदावर हे उतरणीचे दिवस दिसतात. परंतु ज्याने रेषेलगत पुढे आणि रेषेलगत मागे, असे दोन्ही खेळ खेळले आहेत, त्याला मैदानाच्या मध्यावर उभे राहिल्यावर डाव्या विंगरला (रेषेलगत पुढे खेळणाऱ्याला) चेंडू कोठे हवा असतो आणि डाव्या बचावपटूला केव्हा आधार लागतो, हे सांगावे लागत नाही.

त्याचा प्रत्यय नेदरलँड्समध्ये आला. 2014 च्या उन्हाळ्यात तो पीएसव्ही आइंडहोव्हनमध्ये गेला आणि प्रशिक्षक फिलिप कोकू यांनी त्याला मधल्या फळीच्या आतल्या जागेवर खेळवले. कोकू स्वतः डावखुरे, अनेक जागांवर खेळलेले मधल्या फळीचे खेळाडू होते, हे येथे मुलांना सांगण्यासारखे आहे. 2014-15 मध्ये पीएसव्हीने सात वर्षांनी लीग जिंकली आणि पुढच्या हंगामात ती राखली. जुलै 2015 च्या कॉन्ककॅफ गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधील राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत, ग्वार्दादो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2017 मध्ये तो पुन्हा स्पेनला, सेव्हियाच्या रिआल बेटिसकडे गेला, तेथे साडेसहा वर्षे राहिला, एप्रिल 2022 मध्ये कोपा देल रे हा चषक जिंकला, जानेवारी 2024 मध्ये मायदेशी लिऑन संघात परतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निवृत्त झाला, तेव्हा त्याचे वय 38 होते.

तक्ता पूर्ण झाला की तो भिंतीवर लावून मुलांना एकच प्रश्न विचारावा: या खेळाडूला पीएसव्हीतील जागेवर पहिल्याच वर्षी उभे केले असते, तर तो तेथे टिकला असता का? उत्तर एकच असायला हवे असे नाही. मुले त्यावर भांडली, तर तास सार्थकी लागला.

सामना पाहण्याची रीत

मोबाइलवर दिसणाऱ्या पाच मिनिटांच्या चित्रफितींत गोल असतात, फटके असतात, गोलरक्षकाच्या झेपा असतात. मधल्या फळीतील खेळाडू त्यांत जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याचे काम गोलच्या आधी दहा-पंधरा सेकंद होऊन गेलेले असते. म्हणून निदान एक सामना पूर्ण लांबीचा दाखवावा. त्यासाठी 17 जून 2018 चा मॉस्कोतील मेक्सिको विरुद्ध जर्मनी हा सामना मला सर्वांत उपयुक्त वाटतो. त्यात ग्वार्दादो कर्णधार होता आणि हेक्टर हेरेराच्या जोडीने मध्यभागी खेळला. तेव्हाच्या जगज्जेत्या जर्मनीला मेक्सिकोने 1-0 असे हरवले. 35 व्या मिनिटाचा गोल इर्विंग लोसानोने केला आणि शेवटचा पास हावियेर हर्नांदेसचा होता.

सामना दाखवताना मुलांच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे फक्त एका खेळाडूकडे पाहायला सांगावे. चेंडू कोठे आहे याकडे त्या वेळेत लक्ष द्यायचे नाही. चेंडू दूर असताना ग्वार्दादो काय करतो, कोणाच्या मागे उभा राहतो, हाताने कोणाला सरकवतो, डावा विंगर पुढे गेल्यावर त्याची रिकामी जागा कोण झाकतो, एवढेच टिपायचे. मग लोसानोचा गोल लावून तो शेवटापासून सुरुवातीकडे पाहावा: जाळ्यातल्या चेंडूपासून मागे मागे जात तो मेक्सिकोच्या पायात प्रथम कोठे आला येथपर्यंत, आणि वाटेत प्रत्येकाने त्याला किती वेळा स्पर्श केला हे मोजावे. चेंडू मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती थोड्या स्पर्शांत पोहोचतो हे मुलांना डोळ्यांनी दिसले, की ‘चेंडू लवकर सोड’ हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. याच सामन्याच्या उत्तरार्धात ग्वार्दादोला बाहेर बोलावून 39 वर्षांच्या मार्केसला आत पाठवण्यात आले आणि मार्केसचा पाचवा विश्वचषक सुरू झाला. तो क्षणही दाखवावा.

मान वळवणे: सरावाचा पाया

आता मैदान. मधल्या फळीतील खेळाडू इतरांपासून सर्वांत आधी वेगळा होतो तो मानेमुळे. बचावपटूला खेळ समोर दिसतो आणि आघाडीपटूला पाठीशी कोण आहे हे अंगाला अंग लागल्यावर कळते. परंतु मध्ये उभ्या असलेल्या मुलाभोवती चारही दिशांना माणसे असतात आणि त्यांतली निम्मी त्याला दिसत नसतात. चेंडू येण्यापूर्वी खेळाडू खांद्यावरून किती वेळा मागे पाहतो, याचा नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गाइर यूर्डेट यांनी दीर्घ अभ्यास केला असून, जे अधिक वेळा पाहतात त्यांचे पास अधिक वेळा योग्य जागी पोहोचतात, असे त्यांना आढळले आहे. आपल्या मैदानांवर मात्र मूल चेंडूला डोळा लावून उभे राहते आणि सोबती त्याला ‘मांगे शे, मांगे शे!’ (मागे आहे) असे ओरडून सावध करतात. ओरडणे वाईट नाही, पण तोवर चेंडू पायात आलेला असतो आणि समोरचा अंगावर.

याचा सराव असा घ्यावा. दहा पावले लांबी-रुंदीचा चौकोन फक्कीने आखावा. मध्ये एक मुलगा, त्याच्या समोर चेंडू घेऊन दुसरा, आणि पाठीमागे सात-आठ पावलांवर तिसरा मुलगा उभा करावा, ज्याच्या दोन हातांत लाल आणि पिवळा असे दोन रुमाल असतील. समोरच्याने पास देण्यासाठी पाय मागे नेला की मागच्याने एक रुमाल वर करायचा. मधल्याने मान वळवून तो पाहायचा आणि चेंडू पायात येण्यापूर्वी रंगाचे नाव मोठ्याने घ्यायचे. लाल असेल तर चेंडू समोरच्यालाच परत द्यायचा, कारण मागे माणूस आहे; पिवळा असेल तर वळून पुढे न्यायचा. सुरुवातीला मुले चेंडू पायात आल्यावर मागे पाहतात, किंवा रंग अचूक सांगतात पण चेंडू निसटतो. दोन्ही होणारच. रंग सांगणारा मुलगा बरोबर दिशेने आहे हे त्याला तेथल्या तेथे सांगावे आणि निसटलेल्या चेंडूबद्दल त्या दिवशी काहीही बोलू नये.

रंग जमू लागला की रुमालवाल्याच्या जागी खरा प्रतिस्पर्धी ठेवावा. तो कधी धावत अंगावर येईल, कधी जागेवरच राहील. ओरडण्याला येथे बंदी करावी, म्हणजे मुलाला स्वतःच पाहावे लागते. पुढची पायरी रोंडोची: पाच मुले कडेला, दोन आत, आणि आतले दोघे चेंडू हिसकावणार. रोंडो आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वार्म-अपपुरता आणि गंमत म्हणून होतो. तो नीट घ्यायचा असेल, तर कडेच्या मुलाने चेंडू कोणत्या पायाने घेतला याकडे शिक्षकाचे लक्ष हवे. चेंडू डावीकडून येत असेल तर तो उजव्या, म्हणजे लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्यायला लावावा. त्यामुळे छाती आपोआप मैदानाकडे उघडते आणि पुढचा पास दिसतो. जवळच्या पायाने घेतला की शरीर बंद होते आणि चेंडू आला त्याच दिशेला परत जातो. एवढी एक सवय दोन-तीन महिन्यांत लागली, तर संघाचा खेळ ओळखू न येण्याइतका बदलतो.

जागा बदलत ठेवणे

ग्वार्दादोच्या तक्त्यातून आपल्या कामाचा सर्वांत मोठा धडा येथे आहे, आणि शिक्षकांकडून सर्वांत अधिक विरोध येथेच होतो. वर्षाच्या सुरुवातीला मुलगा राइट विंगर म्हणून ठरला की तो शाळा सोडेपर्यंत राइट विंगरच राहतो. ‘सर, मी तर विंगर आहे, मला मागे का लावता?’ असे मूल विचारते आणि स्पर्धा जवळ असल्यामुळे सरही त्याचे ऐकतात. माझे म्हणणे असे आहे की मधल्या फळीत खेळवायच्या मुलाला वर्षातून निदान एक पूर्ण महिना बाजूच्या बचावावर आणि एक पूर्ण महिना रेषेलगत पुढे खेळवावे. सरावात पाच-दहा मिनिटांची अदलाबदल पुरत नाही. महिनाभर तीच जागा, तेही मैत्रीपूर्ण सामन्यांत, म्हणजे त्या जागेचे त्रास अंगवळणी पडतात.

हे केव्हा करावे, यालाही आपल्या भागाचे गणित आहे. सुब्रतो मुखर्जी चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरील फेऱ्या शाळा उघडल्यानंतर लवकरच, पावसाळ्यात होतात, म्हणून जून ते ऑगस्ट या काळात जागा स्थिर ठेवाव्यात. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की शेतकरी घरांतली मुले आठवड्यातले काही दिवस मैदानावर येत नाहीत आणि संघ कधीच पूर्ण भरत नाही. क्रीडाशिक्षक याबद्दल नेहमी तक्रार करतात. परंतु जागा बदलून पाहायला याहून चांगली वेळ नाही. डावा बचावपटू वेचणीला गेला असेल, तर मधल्या फळीतील मुलाला तेथे उभे करण्यास कोणाचीच हरकत नसते. वेचणी संपून सगळे परत आले की प्रत्येकाच्या वहीत निदान दोन जागांचा अनुभव जमा झालेला असतो.

जागा बदलताना मुलाला कारण सांगणे आवश्यक आहे. ‘तू तेथे कमी पडतोस म्हणून’ आणि ‘तुला तेथून काय दिसते ते पाहा म्हणून’ या दोन वाक्यांत मुलाच्या मनावर होणारा परिणाम अगदी निराळा आहे. महिना संपला की त्याच्याकडून वहीत दोन-तीन ओळी लिहून घ्याव्यात: बचावावर असताना मधल्या खेळाडूने काय करायला हवे होते असे त्याला वाटले? मुले येथे फार स्पष्ट लिहितात. एका मुलाने लिहिले होते, ‘मी चेंडू घेऊन अडकलो की मधला आपला लपतो. त्याने माझ्याकडे यायला पाहिजे, पाठ दाखवून पळायला नको.’ पुढच्या महिन्यात तोच मुलगा मध्ये खेळू लागला, तेव्हा अडकलेल्या बचावपटूकडे न सांगता जाऊ लागला.

काळी माती, ऊन आणि दमसास

दुखापतींचा रकाना वाचताना आपल्या मैदानांचा विचार करावाच लागतो. तापीकाठची काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि मार्चनंतर तिला भेगा पडतात, ज्यांत घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. मैदान स्वतःचे असेल, तर भेगांमध्ये बारीक मुरूम भरून पाणी मारून रोलर फिरवावा. निदान मधला तीस-चाळीस पावलांचा पट्टा तरी असा करून घ्यावा, कारण वळणे आणि थांबणे तेथेच सर्वांत अधिक होते. कडक जमिनीवर चेंडू उंच उसळतो आणि मधल्या फळीचा खेळच संपतो. नियमांत चेंडूतील हवेचा दाब 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर असा दिलेला आहे. उन्हाळ्यात तो खालच्या मर्यादेजवळ ठेवला, तर चेंडू बराचसा जमिनीवर राहतो.

स्नायूंच्या दुखापती टाळण्यासाठी धावण्याआधी किमान पंधरा मिनिटे अंग गरम करावे. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर बसून, सोबत्याने घोटे दाबून धरलेले असताना, सरळ शरीराने हळूहळू पुढे झुकण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा. सुरुवातीला चार-पाचपेक्षा अधिक वेळा करू नये, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे सराव सकाळी आठपूर्वी आटोपावा हे सर्वांना माहीत आहे. कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट पाणी पिण्याच्या थांब्याची आहे. 29 जून 2014 रोजी ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे, विश्वचषकाच्या बाद फेरीत, मेक्सिको नेदरलँड्सविरुद्ध 1-0 असा पुढे होता. ग्वार्दादो त्या दिवशी मेक्सिकोच्या सुरुवातीच्या अकरांत होता. उष्म्यामुळे दोन्ही अर्धांत खेळ थांबवून खेळाडूंना पाणी देण्यात आले. उत्तरार्धातील त्या थांब्याचा उपयोग नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान खाल यांनी आपल्या संघाची मांडणी बदलण्यासाठी केला. शेवटच्या काही मिनिटांत स्नायडर आणि हुंटेलार यांच्या गोलांनी मेक्सिको 1-2 असा हरला. म्हणून पाणी पिताना मुलांना मोकळे सोडू नये. माठाजवळ सर्वांना एकत्र बोलावून, मीठ-साखरेचे पाणी पोटात गेल्यावर, मधल्या फळीतील मुलांनाच आधी विचारावे: समोरच्या संघाने काय बदलले आहे? त्यांना सर्वांत जास्त दिसलेले असते. शिक्षकाने त्यानंतर एकच सूचना द्यावी, तीन नव्हेत; उन्हात तिसरी सूचना कोणाच्याही डोक्यात राहत नाही.

पेनल्टी आणि जबाबदारी

शालेय स्पर्धांत बरोबरीचे सामने पेनल्टीवर जातात आणि तेव्हा आपण आघाडीच्या मुलांची नावे देतो. मधल्या फळीतील मुलांनाही ही सवय लावावी. 2015 च्या गोल्ड कपच्या उपांत्य सामन्यात पनामाविरुद्ध मेक्सिको 0-1 असा मागे असताना, अगदी शेवटी, पनामाच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागल्याचे ठरवून पंचांनी पेनल्टी दिली. निर्णयावरून मैदानावर मोठा गोंधळ झाला आणि खेळ कित्येक मिनिटे थांबून राहिला. तेवढा वेळ चेंडूजवळ थांबून ग्वार्दादोने ती पेनल्टी गोलात घातली, जादा वेळेतील दुसरीही घातली आणि मेक्सिको 2-1 असा जिंकला. ती पहिली पेनल्टी मुद्दाम वाया घालवावी का, असा विचार मनात येऊन गेल्याचे त्याने नंतर उघडपणे सांगितले. या प्रसंगावर मुलांशी बोलावे. योग्य काय, यावर त्यांची मते आपल्यापेक्षा कडक निघतात.

सरावापुरते यातून घ्यायचे ते एवढेच की पेनल्टी ताज्या पायांनी मारून उपयोग नाही. सरावाच्या अगदी शेवटी, धावून दमल्यावर, चेंडू ठेवून मुलाला दोन मिनिटे नुसते उभे करावे, बाकीच्यांनी भोवती गलका करावा आणि मग शिट्टी द्यावी. 2022 च्या कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाल्यावर बेटिसने पेनल्टींवर 5-4 असा विजय मिळवला. बेटिसच्या पाच जणांपैकी एकही चुकला नाही आणि त्या पाच जणांत पस्तीस वर्षांचा ग्वार्दादो होता. चषक ज्या संघाविरुद्ध जिंकला, तो त्याला बचावावर उभे करणारा त्याचा जुनाच संघ होता.

घरच्यांशी बोलणे

पालक विचारतात तो प्रश्न सरळ असतो: ‘सर, पोरगा मध्येच खेळतो, गोल तर करत नाही, मग निवडीत कोण घेईल त्याला?’ याला उत्तर म्हणून भाषण करू नये. सामन्याच्या दिवशी पालकांना बोलावून त्यांच्याही हाती वही द्यावी आणि आपल्या मुलाने चेंडू किती वेळा घेतला, त्यांतला किती वेळा आपल्याच माणसाकडे पोहोचवला, एवढे दोनच आकडे लिहायला सांगावेत. हाफ टाइमपर्यंत बापाला स्वतःच कळते की चेंडू सर्वांत जास्त वेळा कोणाच्या पायातून जातो आहे. त्या दोन आकड्यांची नोंद प्रत्येक सामन्यानंतर ठेवावी आणि जिल्हा निवड चाचणीला जाताना वयाचा दाखला, बोनाफाइड व आधार यांच्यासोबत ती वहीही न्यावी. निवडकर्ते ती पाहतीलच असे नाही, परंतु मुलाला चाचणीत एखाद्या अनोळखी जागेवर उभे केले, तर आपण तेथे पूर्वी महिनाभर खेळलो आहोत आणि तेथे काय शिकलो, हे त्याला त्यांना सांगता येते. चाचणीत बहुतेक वेळा तसेच होते, कारण मधल्या फळीसाठी आलेली मुले जागांपेक्षा नेहमी जास्त असतात आणि डाव्या बचावाला कोणीच हात वर करत नाही. आपल्या मुलाने तो करावा, एवढे त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे.